स्वतःचा धनी, स्वतःची वही

दिवाळीचा पाडवा उजाडला की वर्षाने कूस बदलल्याची जाणीव आपल्याला होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हळदकुंकू वाहिलेल्या वह्या प्रतिपदेच्या सकाळी उघडल्या जातात, पहिल्या पानावर श्रीकार उमटतो, जुन्या खात्यातली शिल्लक नव्या पानावर ओढली जाते, आणि घरोघरी औक्षणाची तबके सजत असताना व्यापारी आपल्या नव्या वर्षाचा श्रीगणेशा करतो. पनवेलच्या मिरची गल्लीतल्या आणि टपाल नाक्याच्या आसपासच्या जुन्या दुकानांनी हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. जमाखर्च आता संगणकावर गेला असला तरी वहीची पूजा चुकत नाही. कारण त्या पूजेत धनाइतकाच मान हिशेबाच्या सचोटीला असतो. गेल्या वर्षी कुणाचे किती घेतले, कुणाचे किती द्यायचे राहिले आणि आपल्यापाशी खरोखर काय उरले, हे स्वतःला स्वच्छ विचारण्याचा हा दिवस आहे.

या पाडव्याला आणखी काही घरांत अशी वही पहिल्यांदाच उघडली जात असेल. त्या घरात आजवर कुणी दुकान मांडले नव्हते. महिनाअखेरीस बँकेत पडणारा पगार हाच त्यांचा सगळा जमाखर्च होता. आता त्या घरातली मुलगी मॉलमधली विक्रेतीची नोकरी सोडून सातासमुद्रापलीकडच्या शाळकरी मुलांना पडद्यावरून मराठी आणि गणित शिकवते. मुलगा गोदामातले खोके मोजण्याचे काम सोडून लग्नाच्या चित्रफितींचे एडिटिंग करतो, दुकानदारांच्या मालाचे कॅटलॉग तयार करतो. कुठे सासू-सून मिळून कोकम, पापड आणि सुकी मासळी मोबाइलवर ऑर्डर घेऊन कुरिअरने पाठवतात. कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, सुकापूर अशा वसाहतींच्या दोन खोल्यांच्या घरांत, जेवणाचे पान वाढायच्या टेबलावरच ही नवी पेढी मांडली गेली आहे. तिला फलक नाही, गल्ला नाही आणि सुट्टीची पाटीही नाही. म्हणूनच आजच्या दिवशी तिच्याकडे आपण आपुलकीने आणि थोड्या काळजीने पाहायला हवे.

ही माणसे नोकरी का सोडतात, हे पनवेलकराला फारसे समजावून सांगावे लागत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची रेघ ओढली गेली. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. त्यांच्या बदल्यात नोकरीची आशा आली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. तळोज्याची औद्योगिक वसाहत, न्हावा-शेव्याचे बंदर, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि आता २०२५ मध्ये सुरू झालेला विमानतळ अशी कामाची दारे एकामागून एक उघडत गेली. पण त्या दारांच्या आत शिरणाऱ्या पुष्कळांना कायमची नोकरी भेटली नाही. भेटला तो ठेकेदार. बारा-बारा तासांची पाळी, आजारपणात एक खाडा पडला तरी कापला जाणारा पगार, आणि कंत्राट बदलले की पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणारी सेवा. मुंबईत काम मिळालेच तर पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत दीड तासाच्या आसपासचा लोकलचा प्रवास जाताना आणि तेवढाच येताना. प्रवास, बाहेरचे खाणे, घरभाडे वजा जाता महिन्याच्या शेवटी उरते ती थकलेली पाठ. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावरून एखाद्याला पहिल्या कामाचे पहिले पेमेंट येते. रक्कम लहान असते, पण ती आपल्या कौशल्याची असते. त्या रकमेपुढे वर्षानुवर्षांची हजेरी फिकी वाटू लागली, तर त्यात नवल काय?

पैशाइतकेच दुखणारे दुसरेही काही असते. पनवेलपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. दिवाळीच्या आगेमागेच त्यांची जयंती येते. आद्य क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण बंडाचा झेंडा उभारण्याआधी हा पुरुष पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून होता, सरकारी वह्यांतले आकडे मांडत होता. आई अंथरुणाला खिळली असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि मातेची अखेरची भेट हुकली, हा त्यांच्या चरित्रातला प्रसंग मनात खोल रुतून बसतो. त्यांचा पुढचा मार्ग अग्नीचा होता आणि त्याची तुलना कुणाच्या राजीनाम्याशी करणे अनुचित ठरेल. तरीही स्वतःच्या वेळेवर आपलाच हक्क नाही, ही वेदना किती जुनी आणि किती आपल्या मातीतली आहे, ते या प्रसंगातून कळते. आजही कमी पगाराची नोकरी सोडणाऱ्याला कारण विचारले, तर पगाराचा आकडा तो नंतर सांगतो. आधी सांगतो ती न मिळालेली रजा, मुलाचे हुकलेले स्नेहसंमेलन, चारचौघांसमोर ऐकून घेतलेले सुपरवायझरचे बोल.

मात्र राग हा दार उघडायला पुरतो, पुढची वाट चालायला पुरत नाही. त्यासाठी हातात काहीतरी यावे लागते. बीड जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांची वाटचाल या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना सुमारे ९ हजार रुपयांवर ते पडेल ते काम करत. संगणकापुढे बसलेल्या माणसांचे काम पाहून ग्राफिक डिझाइन शिकण्याची जिद्द त्यांनी धरली, शिकले, हैदराबादला त्या क्षेत्रात नोकरी केली, संगणकाची भाषाही आत्मसात केली. वारंवार लागणाऱ्या रचनांचे तयार साचे बनवून ते ऑनलाइन विकता येतात, हे त्यांनी हेरले आणि मग स्वतःची संस्था उभी केली. कोरोनाच्या टाळेबंदीत गावी परतल्यावर नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावरच्या गोठ्यातही त्यांनी काम मांडले. पुढे त्यांचे ‘डूग्राफिक्स’ दूरचित्रवाणीवरच्या ‘शार्क टँक’पर्यंत पोहोचले आणि देशाने त्यांचे कौतुक केले. या कौतुकात एक गोष्ट नजरेआड होते. अतिथिगृहाची नोकरी आणि स्वतःची संस्था यांच्या मध्ये शिकण्याची वर्षे आहेत, दुसऱ्या नोकरीची पायरी आहे, ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते अशा रात्री आहेत. उडी दिसते, धाव दिसत नाही. आपल्या घरातल्या तरुणाला ही कहाणी सांगताना आपण ही मधली पाने वगळू नयेत.

अशा संथ उभारणीचा दाखला आपल्याजवळही आहे. पनवेलमध्येच १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधालयाची मुहूर्तमेढ रोवली. आयुर्वेदातल्या आपल्या विद्येवर विसंबून सुरू केलेले ते काम दीडशे वर्षांनंतरही उभे आहे. साधने बदलतात, बाजार बदलतो. पण गिऱ्हाइकाचा विश्वास जोडण्याची गती तेव्हा जेवढी संथ होती तेवढीच आजही आहे. एका रात्रीत प्रसिद्ध झालेली रील दुसऱ्या रात्री विस्मरणात जाते, आणि वेळेवर दिलेल्या चोख कामामुळे परत येणारा क्लायंट मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

आता त्या नव्या वहीकडे वळू. नोकरीत असताना माणसाच्या वतीने कुणीतरी दुसरी वही लिहीत असते, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष नसते. नियमाने चालणाऱ्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधीत कामगाराच्या वेतनातून १२ टक्के जातात, तेवढेच मालक भरतो. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला कर्मचारी राज्य विम्याचे छत्र असते. त्यात कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. सेवेच्या दरवर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी साठत असते. पगाराच्या चिठ्ठीवर कपात म्हणून खुपणारे हे आकडे म्हातारपणाची आणि आजारपणाची शिदोरी असतात. नोकरी सुटली की ती अदृश्य वही मिटते, आणि तिचे प्रत्येक पान आपल्यालाच लिहावे लागते. पगार १८ हजार होता आणि आता महिन्याला २२ हजार जमा होतात, म्हणून आपण ४ हजारांनी वर आलो, असे मानणाऱ्याची वही अपुरी आहे. त्या २२ हजारांतून वीज, इंटरनेट, जुना झालेला लॅपटॉप, परत आलेल्या मालाचे कुरिअर आणि काम न मिळालेले महिने वजा व्हायचे असतात. निवृत्तीची आणि दवाखान्याची तरतूद व्हायची असते. उरते ती खरी कमाई. ती आधीपेक्षा कमी निघाली तर आपल्या कामाचा दर चुकला आहे, असे समजावे आणि तो सुधारावा.

म्हणून पहिल्या पानावर श्रीकाराखाली चार खाती मांडावीत. पहिले घरखर्चाचे, म्हणजे स्वतःला दरमहा द्यायच्या ठरावीक पगाराचे. ज्या महिन्यात भरभरून आले त्या महिन्यातही त्याच्यापेक्षा जास्त उचलू नये. दुसरे म्हातारपणाचे, त्यासाठी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते टपाल कार्यालयातही उघडता येते आणि वर्षाला ५०० रुपयांपासून त्यात भर घालता येते. तिसरे अडीअडचणीचे, वर्षाकाठी अवघ्या २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी सरकारी योजना बँकेत मिळते, पण तेवढ्यावर न थांबता निदान काही महिन्यांच्या घरखर्चाची पुंजी बाजूला असावी. चौथे सरकारचे; कर भरायचा असो वा नसो, विवरणपत्र वेळेवर भरले की उद्या कर्ज मागताना तीच आपली पगाराची चिठ्ठी ठरते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते, तीही करून ठेवावी. आणि या पुंजीची राखणही डोळसपणे करावी. पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ठेवीदारांच्या घरांत दाटलेली अस्वस्थता या शहराने अनुभवली आहे. एका ठेवीदाराच्या एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विम्याचे संरक्षण असते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

पाचवे खाते पैशाचे नाही, वेळेचे आहे. आज रविवारची सुट्टी आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते, पण ती मिळवावी लागली होती. गिरणीत नोकरी केलेले नारायण मेघाजी लोखंडे १८८० मध्ये ‘दीनबंधू’ वृत्तपत्राच्या संपादनाकडे वळले, १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि अखंड झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. ज्या विसाव्यासाठी त्या पिढीने एवढे सोसले, तो घरी बसून काम करणारा माणूस आपल्याच हाताने सोडून देतो. रात्री अकराला आलेल्या संदेशाला उत्तर दिले नाही तर रेटिंग घसरेल, दुसऱ्या देशातला क्लायंट निघून जाईल, या भीतीने तो पहाटेपर्यंत पडद्यासमोर असतो. ठेकेदाराला सोडून आलेला माणूस स्वतःच्याच घरात स्वतःचा निष्ठुर ठेकेदार होऊन बसतो. स्वतःचा धनी होणे याचा अर्थ कुणाचे ऐकावे न लागणे एवढाच घेतला तर हीच गत होणार. आपल्या हाताखाली राबणारा एकच कामगार आहे आणि तो आपणच आहोत. त्याला वेळेवर दाम, आठवड्याचा विसावा, आजारात आराम आणि थोडी शाबासकी देणे हा त्या धनीपणाचा धर्म आहे.

या वाटेवर चोरही दबा धरून आहेत. ‘घरबसल्या कमवा’ असे संदेश रोज येतात. चित्रफितींना पसंती देण्याचे पन्नास-शंभर रुपये आधी खरोखर खात्यात पडतात, मग ‘टास्क’ पूर्ण करण्यासाठी पैसे भरायला सांगितले जाते, आणि अडकलेली रक्कम सोडवण्याच्या नादात घरातली सगळी पुंजी निघून जाते. काम देणारा काम करणाऱ्याला पैसे देतो. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो ठक समजावा, एवढा एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प न बसता १९३० या मदतवाहिनीवर तत्काळ कळवावे, कारण सुरुवातीच्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची आशा जास्त असते.

पण सगळा भार त्या एकट्या जिवावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. कुणा एका मालकाचा नोकर नसलेल्या कामगाराला संरक्षण द्यायचे कसे, हा प्रश्न नवा आहे असे वारंवार सांगितले जाते. महाराष्ट्राने मात्र त्याचे एक उत्तर ५० वर्षांहून अधिक काळापूर्वीच शोधले आहे, आणि ते पनवेलच्या वेशीवरच पाहायला मिळते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी उचलणारा माथाडी कुणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कष्टकऱ्यांना एकत्र केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा द्यायची. मालक अनेक, पण कामगाराचे खाते एक. काम बदलले तरी हक्क त्याच्यासोबत चालतो. पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी जी न्यायबुद्धी या राज्याने दाखवली, ती आता बोटांनी काम करणाऱ्यांसाठीही दाखवायला हवी. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली. कामे जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची, अशी तिची तरतूद आहे. ती कागदावरून प्रत्यक्ष खात्यात उतरेपर्यंत तिचा पाठपुरावा करणे हे लोकप्रतिनिधींइतकेच आपलेही काम आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नोकरी सोडून जाणारा धाडसी आणि टिकून राहणारा भित्रा, अशी वाटणी करणे अन्यायाचे आहे. ज्याच्या पगारावर आईचे औषध आणि धाकट्याची फी अवलंबून आहे, त्याचे टिकून राहणे हीसुद्धा एक तपश्चर्या आहे. शिवाय चांगली माणसे कंटाळून निघून जातात म्हणून तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न सुटत नाही. मागे राहिलेल्यांचे दिवस तसेच राहतात. १८५२ पासून नगरपालिका चालवणाऱ्या आणि २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका मिळवणाऱ्या या शहराला दोन्ही प्रकारच्या कष्टकऱ्यांची चिंता वाहावी लागेल. नोकरीत किमान वेतन आणि मानाची वागणूक मिळते का, हे पाहावे लागेल. आणि घरून काम करणाऱ्यांसाठी खंड न पडणारी वीज, शांत अभ्यासिका, प्रशिक्षणाच्या सोयी उभ्या कराव्या लागतील.

घराचेही काही देणे आहे. पाडव्याला पत्नी औक्षण करते, पती तबकात ओवाळणी घालतो, आणि संसारातल्या परस्परांच्या आधाराला वर्षातून एकदा असे उजळ रूप मिळते. ज्या घरात पडद्यावरचे काम सुरू झाले आहे, तिथे ही ओवाळणी वेळेची असावी. ‘घरीच तर असतेस’ म्हणून ऑर्डर भरणाऱ्या सुनेवर स्वयंपाक, पाणी, पाहुणे आणि मुलांचा अभ्यास सगळेच पडते. ‘घरीच तर असतोस’ म्हणून मुलाला दहा वेळा बाजारात पिटाळले जाते. स्थळ पाहायला आलेली मंडळी ‘नोकरी कुठे?’ विचारतात आणि उत्तर ऐकून गप्प होतात. काम म्हणजे डबा घेऊन घराबाहेर पडणे, ही आपली समजूत आता बदलायला हवी. दार लावून बसलेल्या माणसाचे चार तास कुणी मोडू नयेत, एवढी साधी शिस्त घराने पाळली तर त्याच्या कमाईत सगळ्यात मोठी भर पडेल.

जुन्या बाजाराचा आणखी एक रिवाज आहे: दिवाळीपूर्वी देणेकऱ्याचे देणे चुकते करायचे, उधारी मिटवायची, मगच नवी वही उघडायची. नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदाही सांगतो. पण कायद्याआधी आपली रीत आहे. आपल्यापैकी कुणी लग्नाची चित्रफीत करून घेतली असेल, दुकानाची जाहिरात, संस्थेची स्मरणिका, मुलाची शिकवणी किंवा फराळाचे डबे मागवले असतील; आणि ‘देऊ की, पळून थोडेच जातोय’ म्हणत त्या एकट्या माणसाचे पैसे दोन महिने अडकवून ठेवले असतील. मोठ्या कंपनीचा हप्ता आपण एक दिवस चुकवत नाही. घासाघीस आणि उशीर मात्र शेजारच्या स्वयंरोजगाऱ्याच्या वाट्याला येतो. त्याच्या नव्या वहीतले ‘येणे’ हे आपल्या वहीतले ‘देणे’ आहे. तेव्हा आज सणाच्या शुभेच्छा पाठवण्याआधी आपण आपले जुने संदेश चाळावेत, राहिलेल्या रकमा शोधाव्यात, आणि ठरल्या दराने, एक रुपयाही न कापता, आजच्या आज चुकत्या कराव्यात. धीर करून जो स्वतःचा धनी झाला, त्याला त्या वाटेवर टिकवून धरण्याचा आपल्या हातातला सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे.